किरणोत्सारी डाग कसा निघतो? तुरटी, लिंबूफूल आणि एक निळा रंग

कोबा_आणि_कौल (धागाकर्ता)

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "किरणोत्सार सांडला की संपलंच, त्यावर उपाय नाही." त्यावर लगेच दुसऱ्याचं उत्तर आलं, "हल्ली अशी रसायनं आहेत की किरणोत्सार नष्ट होतो." दोन्ही चूक. नोकरीची एकतीस वर्षं मी हेच काम केलं: नळ्या, टाक्या, हत्यारं, फरश्या यांच्यावर बसलेली किरणोत्सारी द्रव्यं, म्हणजे आमच्या भाषेतली अ‍ॅक्टिव्हिटी काढायची. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण हा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही.

आधी मूळ मुद्दा. कुठलंही रसायन किरणोत्सार मारत नाही. सीझियम-१३७ चा अणू आम्लात बुडवा, उकळा, जाळा, तो सीझियम-१३७ च राहतो, आणि असे अणू तीस वर्षांनी आपोआप निम्मे होतात. रसायन फक्त त्याची जागा बदलतं. फरशीवरचा फडक्यात जातो, फडक्यातला पाण्यात, पाण्यातला रेझिनच्या मण्यांत (पाण्यातले धातू धरून ठेवणारे प्लास्टिकसारखे मणी) आणि मणी सिमेंटच्या पिंपात. आपल्या हातात एवढंच असतं की ही शेवटची जागा लहान असावी, घट्ट असावी आणि माणसांपासून लांब असावी. म्हणून आमच्याकडे "किती निघालं" याच्याइतकंच "किती पाणी खराब केलंस" हेही विचारायचे.

दुसरी गोष्ट, डाग दोन प्रकारचा असतो: सुटा आणि बसलेला. ओळखायची पद्धत अगदी साधी आहे. रुपयापेक्षा थोडा मोठा गोल गाळणकागद घ्यायचा, दहा बाय दहा सेंटिमीटरच्या चौकोनावर एकसारख्या दाबाने फिरवायचा आणि तो कागद काउंटरखाली, म्हणजे किरण टिपून त्यांचे आकडे (काउंट) दाखवणाऱ्या यंत्राखाली ठेवायचा. याला आम्ही स्वाइप म्हणायचो. कागदावर काउंट आले तर माल सुटा आहे, ओल्या फडक्याने निघेल. कागद स्वच्छ, पण मीटर पृष्ठभागाजवळ नेल्यावर कडकडतोय, तर माल आत बसलाय. स्टीलच्या टेबलावर पहिल्या पुसण्यात काउंट धाडकन उतरतात, दुसऱ्यात थोडे, तिसऱ्यात जवळपास नाहीतच. तिथे साबणाचं काम संपतं आणि रसायनाचं सुरू होतं.

घरातलंच उदाहरण देतो. देवाची पितळी समई काळी पडली की आई चिंच लावायची. चिंचेतलं टार्टारिक आम्ल वरचा ऑक्साइडचा थर विरघळवतं आणि सुटलेल्या धातूला धरून ठेवतं, म्हणून तो परत बसत नाही. आमचं निम्मं शास्त्र याच्या पुढे जात नाही. फक्त चिंचेऐवजी सायट्रिक आम्ल, म्हणजे वाण्याकडे मिळतं ते लिंबूफूल. गंज असेल तर ऑक्झॅलिक आम्ल. आणि सुटलेल्या धातूला खेकड्यासारखं दोन्हीकडून पकडणारं ईडीटीए.

पण चिंच समईला चालते, कोब्याला चालत नाही. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हाच: काय सांडलंय आणि कशावर सांडलंय? या दोन उत्तरांशिवाय बाटलीचं झाकण उघडायचं नाही.

याचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात दुःखाचं उदाहरण म्हणजे ब्राझीलमधलं गोयानिया. बंद पडलेल्या एका रेडिओथेरपी दवाखान्यात उपचाराचं यंत्र तसंच पडून होतं. १९८७ च्या सप्टेंबरात भंगार गोळा करणाऱ्यांनी ते फोडलं. आत सीझियम क्लोराइड होतं, जेमतेम ९३ ग्रॅम. अंधारात ती भुकटी निळी चमकायची. भंगारवाल्याने कौतुकाने ती नातेवाइकांना, शेजाऱ्यांना वाटली. चार माणसं गेली, त्यात सहा वर्षांची एक मुलगी होती. एक लाखावर लोकांना स्टेडियममध्ये रांगेत उभं करून तपासलं, तेव्हा २४९ जणांवर सीझियम सापडलं.

सीझियम क्लोराइड म्हणजे आपल्या मिठाचं भावंड. हवेतला ओलावा धरतं, पाण्यात विरघळतं, घामाने हाताला चिकटतं. त्यामुळे ते घराघरांत गेलं, कपड्यांवर गेलं, नोटांवरही गेलं. ८५ घरांत लक्षात येण्याजोगं प्रदूषण निघालं, सात घरं पाडावी लागली. उरलेल्या घरांत आधी बारीक गाळणीचे व्हॅक्यूम क्लीनर फिरवले, भिंतींचा रंग खरवडला, आणि मग रसायनं आली.

सिमेंट आणि कौलांसाठी त्यांनी काय वापरलं असेल? तुरटी. हायड्रोक्लोरिक आम्लात कालवलेली पोटॅशची तुरटी. न्हाव्याकडे दाढीनंतर फिरवतात, पावसाळ्यात गढूळ पाण्यात फिरवतात, तीच. कारण असं की पोटॅशियम आणि सीझियम आवर्तसारणीत एकाच उभ्या ओळीतले. मातीच्या कणांवर सीझियम ज्या जागा धरून बसतं, त्या जागांवर पोटॅशियमची गर्दी केली की काही सीझियम उठतं. आणि उठलेलं पुन्हा बसू नये म्हणून प्रशियन ब्लू. लोखंड आणि सायनाइडचा हा निळा रंग. त्याच्या स्फटिकात पिंजऱ्यासारख्या पोकळ्या असतात आणि सीझियम त्यांत नेमकं मावतं. फरशीवर तोच, आणि ज्यांच्या पोटात सीझियम गेलं होतं अशा ४६ जणांना औषध म्हणूनही तोच.

एवढं करून शेवटी काय उरलं? सुमारे साडेतीन हजार घनमीटर कचरा. दहा घनमीटरचा डंपर धरा, साडेतीनशे डंपर. ९३ ग्रॅम मिठापायी. "किरणोत्सार नष्ट करणारी रसायनं" म्हणणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावून ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

विचारा काय विचारायचं ते. हात दुखेपर्यंत लिहीन.

---

रानजाई

काका, फार छान लिहिलंत. समईचं उदाहरण वाचून एकदम समजलं. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. एक बाळबोध शंका: प्रशियन ब्लू म्हणजे आपण पांढऱ्या कपड्यांना घालतो ती नीळ का? उद्या मुलं नक्की विचारणार.

---

कोबा_आणि_कौल

बाई, शंका बाळबोध नाही. नाही, ती वेगळी. पुडीतून मिळायची ती जुनी नीळ म्हणजे अल्ट्रामरीन, तिच्यात सीझियम पकडायची ताकद नाही. मुलांना आवर्जून सांगा, कारण असल्या गोष्टी मोबाइलवर "घरगुती उपाय" म्हणून फिरायला वेळ लागत नाही. औषधाचा प्रशियन ब्लू डॉक्टरच देतात, आणि तोही पोटात सीझियम किंवा थॅलियम गेलं असेल तरच.

---

दर्यावर्दी_बोईसर

लेख चांगला आहे, पण आमच्याकडचा प्रश्न वेगळा आहे. आमचं गाव तारापूरच्या जवळ. १९६९ पासून तिथे वीज बनतेय. "जागा बदलते" म्हणता, मग धुतलेलं पाणी शेवटी आमच्या समुद्रातच जातं का? सरळ सांगा. आमची बोट त्याच पाण्यात असते.

---

कोबा_आणि_कौल

दादा, सरळच सांगतो. तसंच्या तसं नाही जात. धुण्याच्या पाण्याची वर्गवारी होते. कमी अ‍ॅक्टिव्हिटीच्या पाण्यात रसायनं घालून साका खाली बसवतात, पाणी रेझिनमधून काढतात, मग मोजतात, आणि मर्यादेच्या आत असेल तेवढंच भरपूर पाण्यात मिसळून सोडतात. म्हणजे शून्य नाही, पण मोजलेलं आणि मर्यादेतलं. खाली बसलेला साका आणि रेझिन सिमेंटमध्ये पक्कं करतात. इंधनावरच्या प्रक्रियेतून निघणारा सगळ्यात जहाल द्रव काचेत ओततात, आणि तो कारखाना तारापूरलाच आहे.

मर्यादा अणुऊर्जा नियामक मंडळ ठरवतं. किनाऱ्यावरचं पाणी, मासळी, गाळ यांचे नमुने घेणारी पर्यावरण प्रयोगशाळा प्रकल्पाच्या जागी असते. तुमच्या ग्रामसभेने त्या मोजणीचे आकडे मागावेत. दरवर्षी मागावेत. तो तुमचा हक्क आहे, आणि आकडे कसे वाचायचे हे समजावून सांगायला मी स्वतः येईन.

---

दर्यावर्दी_बोईसर

ठीक. बोलावतो. मासळीचं जेवण करून जावं लागेल.

---

श्रावणसर

मी कॅनडात आहे, जड पाण्याच्या अणुभट्ट्यांच्या देखभालीत काम करतो. काकांनी फरशीबद्दल लिहिलं, मी नळ्यांबद्दल थोडी भर घालतो, कारण तिथला डाग पुसता येत नाही. तिथे फडकं पोचतच नाही.

अणुभट्टीचं पाणी वर्षानुवर्षं नळ्यांतून फिरतं तेव्हा आतल्या बाजूला मॅग्नेटाइटचा, म्हणजे काळ्या लोह-ऑक्साइडचा पातळ थर धरतो. बंबाच्या आत खार धरतो तसा, पण खूप चिवट. व्हॉल्व्हच्या कठीण मिश्रधातूतलं कोबाल्ट झिजून पाण्यात येतं, गाभ्यातून जाताना न्यूट्रॉन खाऊन कोबाल्ट-६० होतं आणि या थराच्या स्फटिकात लोखंडाच्याच खुर्चीवर जाऊन बसतं. म्हणजे ते थरावर नाही, थरात आहे. थर काढल्याशिवाय कोबाल्ट हलत नाही. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, सव्वापाच वर्षं, म्हणून नुसतं थांबूनही भागत नाही. दरम्यान दुरुस्तीला आत जाणाऱ्या प्रत्येक माणसाला किरणांचा डोस बसतो.

पूर्वी तीव्र आम्लं वापरायचे. थर जायचा, पण खालचा धातूही खाल्ला जायचा आणि कचरा प्रचंड व्हायचा. मग पातळ द्रावणाची कल्पना आली. लिटरला साधारण एक ग्रॅम रसायन, बस. कॅनडात कॅन-डिकॉन, ब्रिटनमध्ये व्हॅनेडियम वापरणारी लोमी, आणि भारतात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या लोकांनी आपल्या भट्ट्यांसाठी केलेली मिश्रणं.

---

कोबा_आणि_कौल

श्रावणसर, अगदी नेमकं. त्यातली गंमत मी पुढे सांगतो, कारण ही माझी आवडती प्रक्रिया आहे.

मिश्रणात तिघांची कामं वाटलेली असतात. अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्व, थरातल्या लोखंडाला इलेक्ट्रॉन देतं. त्याने स्फटिकाची वीण उसवते. सायट्रिक आम्ल सुटलेलं लोखंड उचलतं, ईडीटीए किंवा त्याचा भाऊ एनटीए ते घट्ट धरतो. हे पाणी रेझिनच्या स्तंभातून नेलं की मणी धातू काढून घेतात आणि ईडीटीए मोकळं होऊन परत कामाला लागतं. तोच हमाल पुन्हा पुन्हा खेपा मारतो, म्हणून एवढ्या थोड्या रसायनात भागतं. आणि शेवटी सगळी अ‍ॅक्टिव्हिटी रेझिनमध्ये, पाणी जवळजवळ स्वच्छ.

स्टेनलेस स्टीलला ही युक्ती एकट्याने पुरत नाही. तिथल्या थरात क्रोमियम असतं आणि ते अशा सौम्य आम्लांना दाद देत नाही. आधी पोटॅशियम परमँगनेट फिरवायचं, विहिरीत टाकायचो ते जांभळं औषध. ते क्रोमियमला विरघळणाऱ्या रूपात नेतं. मग उरलेलं परमँगनेट ऑक्झॅलिक आम्लाने मोडायचं आणि वरची प्रक्रिया सुरू. नमुन्याच्या बाटलीत जांभळा रंग उतरून पाणी नितळ झालं की पाळीवरची माणसं एकमेकांकडे बघायची. त्या क्षणाला कुणी बोलत नसे.

आधीची अ‍ॅक्टिव्हिटी भागिले नंतरची, याला आम्ही डीएफ म्हणायचो. डीएफ दहा आला की पेढे. तीन-चार आला तरी वाईट नाही, कारण पुढच्या दुरुस्तीत शंभर माणसांचा डोस तिपटी-चौपटीने कमी झाला.

एकदा मात्र उलटं झालं, तेही लिहितो. द्रावण फिरतंय, कोबाल्ट निघतंय, आणि काही नळ्यांवरचं रीडिंग वाढतंय. आम्ही मीटर बदलला, माणूस बदलला, आकडा तोच. नंतर कळलं ते अँटिमनी होतं. पंपांच्या सीलमधून आलेलं. आमच्याच रसायनाने ते एका जागेवरून सोडवलं आणि थर निघून उघड्या पडलेल्या लोखंडावर त्याने नवा मुलामा दिला. त्या रात्री "जागा बदलते" हे वाक्य मला खऱ्या अर्थाने कळलं. आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांत अँटिमनीचा हा त्रास पुढे नीट अभ्यासला गेला आणि त्यावर वेगळे उपाय शोधले गेले.

---

हिरवी_वाट

मी पर्यावरणवाली, त्यामुळे एक गोष्ट खटकतेय. ईडीटीएचं एवढं कौतुक चाललंय. तो धातूला "घट्ट धरतो" म्हणता, मग तो कचऱ्यात गेल्यावरही घट्टच धरणार ना? माती पुन्हा कशी पकडणार मग?

---

कोबा_आणि_कौल

ताई, बरोब्बर दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. अमेरिकेत ओक रिजला हेच झालं. तिथे द्रव कचरा जमिनीतल्या चरांत सोडत. अंदाज असा की माती कोबाल्टला धरून ठेवेल. पण कचऱ्यात साफसफाईचं ईडीटीए होतं. त्याने कोबाल्ट-६० मातीला चिकटूच दिलं नाही, भूजलाबरोबर ते चालत निघालं. १९७८ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि आमच्या धंद्यातल्या सगळ्यांनी ते वाचलं.

तेव्हापासून मिश्रण निवडताना ते शेवटी मोडता येईल का, हा प्रश्न असतो. ऑक्झॅलिक, सायट्रिक, अ‍ॅस्कॉर्बिक ही तुलनेने लवकर मोडतात. ऑक्झॅलिकचं तर परमँगनेटने कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करता येतं. ईडीटीए मोडायला चिवट. माझं वैयक्तिक मत विचाराल तर जिथे त्याच्याशिवाय भागतं तिथे ते वापरूच नये, डीएफ थोडा कमी आला तरी चालेल.

---

सांगलीची_सिस्टर

नमस्कार. इथे बहुतेक वेळ फक्त वाचते, आज लिहावंसं वाटलं. मी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात आहे. आमच्याकडे अणुभट्टी नाही, पण सांडासांड होते. टेक्नेशियम, म्हणजे स्कॅनसाठी देतात ते किरणोत्सारी द्रव्य, सांडलं तर फार धावपळ नसते. अर्धायुष्य सहा तास. शोषकागद टाकायचा, खडूने कड आखायची, पुसता येईल तेवढं कडेकडून मध्याकडे पुसायचं, उरलेलं प्लास्टिकने झाकून खोली बंद. दोन-तीन दिवसांत काही राहत नाही.

आयोडीन-१३१ चं मात्र तसं नाही. आठ दिवस अर्धायुष्य, आणि ते उडतं.

मी नवीन असताना, आधीच्या एका नोकरीत, थायरॉइडच्या पेशंटच्या खोलीत औषध घेताना थोडं द्रावण फरशीवर सांडलं. मी कागद आणायला गेले. तेवढ्यात सफाईच्या मावशींनी, मदत म्हणूनच, बाथरूमचं अ‍ॅसिड ओतून खराटा मारला. परत आले तर वास येतोय आणि फरशीवरचे काउंट बऱ्यापैकी उतरलेत. मी खूश झाले! आमचे फिजिसिस्ट आले, त्यांनी एक शब्द न बोलता दोघींना बाहेर काढलं, दार लावलं आणि आमचे गळे मोजले. तेव्हा मला कळलं की फरशीवरून गेलेलं कुठे गेलं असेल. नशिबाने आकडा किरकोळ निघाला. पण मावशींना कुणी काही शिकवलंच नव्हतं, आणि बोलणी मात्र त्यांनीच खाल्ली. ते मला आजही लागतं.

काका, त्याचं रसायन नीट सांगाल का? मला तेव्हा "अ‍ॅसिड नको" एवढंच सांगितलं होतं.

---

कोबा_आणि_कौल

सिस्टर, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात मोलाचा आहे.

औषधात आयोडीन हे आयोडाइड म्हणून असतं, म्हणजे मिठाच्या रूपात, पाण्यात गप्प बसलेलं. त्यात आम्ल पडलं की हवेतल्या ऑक्सिजननेही त्याचं हळूहळू मूळ आयोडीन व्हायला लागतं, आणि ते वाफ होऊन उडतं. ब्लीचिंग पावडर किंवा फिनाइलऐवजी वापरतात ते क्लोरीनवालं द्रावण पडलं तर आणखी पटकन. श्वासातून आत, आणि थेट थायरॉइडमध्ये.

म्हणून पाणी अल्कधर्मी ठेवायचं आणि सोबत सोडियम थायोसल्फेट. जुने फोटोग्राफर ज्याला हायपो म्हणायचे तेच. ते आयोडीनला पुन्हा आयोडाइड करून टाकतं, उडू देत नाही. फडक्याने टिपायचं, घासायचं नाही, पिशवी बांधून लेबल लावून किरणोत्सार ओसरेपर्यंत बाजूला ठेवायची.

अंगावर सांडलं असेल तर सगळ्यात सौम्य उपाय: कोमट पाणी आणि साधा साबण. गरम पाणी नाही, कारण त्याने त्वचेतला रक्तप्रवाह वाढतो. ब्रश तर अजिबात नाही. त्वचा सोलवटली की बाहेरचा डाग रक्तात गेला. घाबरलेला माणूस जोरजोरात घासतो, त्याचा हात धरावा लागतो. मी धरलाय.

---

रानजाई

पुन्हा मीच. आपल्याकडे गोयानियासारखं होऊ शकतं का? दिल्लीच्या मायापुरीचं नाव ऐकलंय.

---

श्रावणसर

मायापुरी २०१०. दिल्ली विद्यापीठातलं जुनं गॅमा यंत्र लिलावात भंगारात गेलं, आत कोबाल्ट-६०. एक कामगार गेला, इतर काही जण भाजले. पण ते कोबाल्ट धातूच्या रूपात होतं. तुकडे उचलून शिशाच्या पेटीत भरता आले, प्रदूषित माती काढता आली. मिठासारखं ते गल्लीगल्लीत विरघळलं नाही. तीव्रता भयंकर, पण पसारा आवरता येण्यासारखा.

---

कोबा_आणि_कौल

त्याला जोडून एक. गोयानियानंतर जगभर एक प्रश्न विचारला गेला, की मुळात विरघळणारं मीठ यंत्रात भरायचंच कशाला? आपल्याकडे भाभा केंद्राने अणुकचऱ्यातून वेगळं काढलेलं सीझियम काचेत मिसळून त्याच्या कांड्या केल्या, रक्तपेढ्यांतल्या विकिरण यंत्रांसाठी. कांडी फुटली तरी काचेचे तुकडे होतील, भुकटी वाटता येणार नाही आणि पाण्याने वाहणार नाही. मी आयुष्यभर डाग काढायचं काम केलं, पण डाग पडूच नये असं बनवणाऱ्या माणसांना मी आमच्या वरचा मान देतो.

बाई, मुलांना एवढंच पाठ करून घ्या: भंगारात जड, शिशासारखी गोल वस्तू किंवा तीन पाकळ्यांचं चिन्ह दिसलं तर हात लावायचा नाही, फोडायचं नाही, लांब व्हायचं आणि ११२ ला फोन.

---

सांगलीची_सिस्टर

धागा वर आणतेय. आज स्टोअरमधून थायोसल्फेट काढून घेतलं आणि सांडासांडीच्या पेटीत ठेवलं. पेटी आधीही होती, पण सूचना सगळ्या इंग्रजीत होत्या. झाकणावर मराठीत मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला: "आयोडीन सांडलं तर हीच बाटली. बाथरूमचं अ‍ॅसिड नाही, ब्लीच नाही. आधी सिस्टरला हाक मारा." दुपारी आमच्या दोन्ही मावशींना बोलावून रंगीत पाणी फरशीवर सांडून सगळं करून घेतलं. कडेकडून मध्याकडे. दुसऱ्या खेपेला त्यांनी मला बाजूला सरकायला सांगितलं, माझाच पाय आखलेल्या खडूच्या आत होता.